वारा सरेपर्यंत पाणी नाही

आमच्या बाई समोरच्याच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी पोटाकडे. मुरबाडच्या बाजारातून त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे माझी पंचाईत असायची. समोरून कुणी हात जोडत आलं, की बाईंची नजर त्याच्या शर्टाच्या खालच्या दोन बटणांवर जायची आणि तिथे ओळख पटायची. "तू रे, टाके पिकलेला. बिडी सोडलीस काय?" तो बिचारा बरोबरच्या मेव्हण्यासमोर ओशाळून हसायचा. नाव, गाव, आडनाव यांतलं काहीही त्यांच्या लक्षात राहत नसे. पण कुणाच्या जखमेतून किती दिवस पू येत होता, हे त्या पाच वर्षांनंतरही सांगत. तेही रस्त्यात, भाजीवालीला ऐकू जाईल अशा आवाजात.

मी आटगावची. नर्सिंगचा कोर्स संपला तेव्हा मला कल्याणला मोठ्या हॉस्पिटलात जायचं होतं, आणि मिळाली ती मुरबाडच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात नोकरी. खाटा बारा, सिस्टर तीन, लिफ्ट नाही. ऑपरेशनं करायला सर्जन कल्याणहून यायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी. हर्निया, मूळव्याध आणि अपेंडिक्स. त्यातही अपेंडिक्स इतके, की शेजारचा मेडिकलवाला आम्हाला 'अपेंडिक्सवाल्या' म्हणायचा. बाई आमच्या मुख्य सिस्टर. तसं कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं, पण डॉक्टर राउंडला आले की आधी बाईंच्या चेहऱ्याचा अंदाज घेत आणि मग पेशंटची नाडी बघत.

बाई जवळच्याच गावच्या, शेतकरी घरातल्या. पांढरा युनिफॉर्म कडक इस्त्रीचा, बोलणं मात्र बांधावरचं. पहिल्या दिवशी मी माझी सर्टिफिकिटं दाखवायला फाइल उघडली, तर त्यांनी ती मिटून बाजूला ठेवली. "हे सगळं ठीक हाय. एक गोष्ट शिकून घे. पेशंट खोटं बोलतो. खोटारडा नसतो गो, घाबरलेला असतो. पण बोलतो खोटंच."

मला हे तेव्हा उद्धटपणाचं वाटलं. आठ दिवसांत पटलं.

ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं लागतं, हे आम्ही सगळ्यांना सांगायचो. सगळे माना डोलवायचे. मग सकाळी मी विचारायची, "काही खाल्लं नाही ना?" आणि पेशंट, त्याची बायको, त्याची आई, बरोबर आलेला शेजारी, सगळे एका सुरात म्हणायचे, "काय नाय, काय नाय." मी कागदावर टिक करायची. मागून बाई यायच्या. त्या 'खाल्लं का' असं कधी विचारत नसत. त्यांचा प्रश्न असायचा, "किती खाल्लं?"

तो प्रश्न ऐकला की पेशंटचा चेहरा पडायचा. आधी घोटभर चहा कबूल व्हायचा. बाई गप्प उभ्या राहायच्या. मग चहाबरोबरची खारी. बाई अजून गप्प. मग आईच पुढे होऊन सांगायची, की चतकोर भाकरी दिली, पोराला उपाशी पोटी कापायला कसं पाठवायचं. बाई शांतपणे माझ्या कागदावरची टिक खोडायच्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना जाऊन सांगायच्या, की चहा, खारी आणि एक चतकोर. नंतर मला म्हणायच्या, "चतकोर म्हणाली म्हणजे अख्खी धर."

अपेंडिक्सचं दुखणं मोठं फसवं असतं. सुरुवात बेंबीपाशी करतं आणि मग हळूच उजवीकडे खाली सरकतं. आमच्या शहापूर-मुरबाडच्या गावांत बेंबीपाशी दुखलं म्हणजे बेंबी सरकली, यात कुणाला शंका नसते. बेंबी सरकली की ती बसवायला कुणीतरी जाणती म्हातारी असते. ती पेशंटला उताणं निजवते, बेंबीवर पेटती वात ठेवते आणि वरून तांब्या उपडा घालते. वात विझते, तांब्या पोटाला घट्ट चिकटतो. थोड्या वेळाने तो ओढून काढतात, आवाज होतो, आणि सगळे म्हणतात, बसली. एवढ्यात दुखणं आपल्या रीतीने उजवीकडे गेलेलं असतं. मग म्हणतात, बघा, बेंबीचं थांबलं, आता बाजूची शीर तेवढी राहिली. शिरेवर उपाय म्हणून एरंडेल पाजतात. अपेंडिक्स फोडायचंच असेल तर याहून चांगला उपाय आमच्या सर्जनलाही सुचला नसता.

त्यामुळे बाई पोट उघडं करून आधी गोल बघायच्या. तांब्याच्या तोंडाचा लालसर गोल वळ दोन-तीन दिवस जात नाही. "तांब्या लावलास?" पेशंट म्हणायचा, नाय. बाई त्या वळावरून बोट फिरवायच्या, पूर्ण, एक चक्कर, आणि म्हणायच्या, "मग हा काय चंद्र उगवलाय?" गोल दिसला की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. शिकलेसवरलेले तुमी, मोबाइल वापरता, पोरं इंग्लिश शाळेत घालता आणि पोटावर तांब्या लावता. एकदा एक शाळामास्तरच गोल घेऊन आले. त्यांना तर बाईंनी वॉर्डातल्या बाकीच्या पेशंटांना तो वळ दाखवायला लावला.

बेंबी बसवणारी एक म्हातारी बाजारच्या दिवशी आमच्या दवाखान्यासमोरच्या ओट्यावर बसायची, करवंदं नाहीतर रानभाजी घेऊन. बाई आणि तिचं वैर जुनं होतं. येता-जाता बाई तिला ऐकवायच्या, "तुझे चार पेशंट आत हायेत गो आजी, येतेस बघायला?" म्हातारी शांतपणे म्हणायची, "मी बसवते. टिकवायचं काम तुमचं."

आता चपलांची गोष्ट सांगते, कारण पुढे तीच कामाला आली.

म्हशाची गुरांची जत्रा चालू होती. तिकडे बैल बघायला गेलेला एक तरणा शेतकरी पोट धरून जीपमधून आमच्याकडे आला. बरोबर तीन भाऊ. रात्रभर दुखत होतं, ताप होता, ओकाऱ्या. सर्जन निघाले होते, यायला तासभर लागणार होता. त्याला बाहेरच्या बाकावर आडवा केला होता. आणि अर्ध्या तासाने तो उठून बसला. म्हणाला, थांबलं. एकदम थांबलं. चेहऱ्यावर हसू. भावांनी हात जोडले, देव पावला म्हणाले आणि जीपवाल्याला हाक मारायला निघाले. मलासुद्धा बरं वाटलं. मी आत जाऊन बाईंना आनंदाने सांगितलं, की त्याचं थांबलं, ते घरी चाललेत.

बाई हातातली सलाईन तशीच ठेवून धावल्या. त्यांना धावताना मी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी भावांना समजावलं, की दुखायचं एकदम थांबलं म्हणजे आत फुटलं, ताण सुटला म्हणून हलकं वाटतंय, आता विष पोटभर पसरणार. भाऊ म्हणाले, बाई, दुखत होतं तेव्हा थांबलो की, आता दुखत नाय तर कशाला कापायचं? या बोलण्यात चूक काढणं अवघड होतं. तो तर उभासुद्धा राहिला होता. तेव्हा बाई खाली वाकल्या, बाकाखालच्या त्याच्या चपला उचलल्या, आत नेल्या आणि औषधांच्या कपाटात घालून कुलूप लावलं.

चपला जत्रेतल्या होत्या. कोऱ्या, करकर वाजणाऱ्या, आदल्याच दिवशी घेतलेल्या. तो रानातून आयुष्यभर अनवाणी फिरलेला माणूस, पण नव्या चपला सोडून जाणार नव्हता. भाऊ चिडले, आवाज वाढले, किल्ली मागितली. बाईंनी किल्ली युनिफॉर्मच्या खिशात टाकली आणि स्टुलावर बसून राहिल्या. भांडणात पाऊण तास गेला. तेवढ्यात त्याला हुडहुडी भरली, पोट पाटासारखं कडक झालं आणि सर्जनही आले. पोट उघडलं तर आत पूच पू. जगला. दहा दिवसांनी चपला घालून करकर करत गेला.

त्या संध्याकाळी बाई मला म्हणाल्या, "पोट रडतंय तोवर भ्यायचं नाय. रडता रडता गप्प झालं की पळायचं."

हे झालं ऑपरेशनच्या आधीचं. बाईंचं खरं राज्य नंतर सुरू व्हायचं. ऑपरेशन झालेला पेशंट खाटेवर आला, की त्यांचा एकच नियम, वारा सरेपर्यंत पाणी नाही. पोट चिरलं की आतडी रुसून बसतात, त्यांचं काम परत चालू झालं की वारा सरतो, मग पाणी, मग चहा, मग पेज. सकाळ-संध्याकाळ त्या स्टेथास्कोप पोटावर लावायच्या. त्याची एक नळी फुटलेली होती म्हणून एकाच कानाने ऐकायच्या, आणि जाहीर करायच्या, "गिरणी बंद हाय." किंवा, "गिरणी चालू झाली, आता पीठ पडंल." मग वॉर्डाच्या मध्यावर उभं राहून, एकेका खाटेकडे बोट करून, मोठ्याने विचारायच्या, "वारा सरला काय?"

नव्या सुनेला सासऱ्यासमोर. मास्तरांना विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर. कुणाची सुटका नव्हती. मी एकदा धीर करून म्हणाले, की जवळ जाऊन हळू विचारलं तर? बाई फक्त "नाय" म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. मला वाटलं, यांना माणसाला लाजवण्यातच मजा वाटते. आमचे सर्जन तर सांगायचे, की आता एवढं थांबत नाहीत, साध्या अपेंडिक्सला त्याच दिवशी घोट घोट पाणी देतात. बाई म्हणायच्या, "ते कल्याणला." खरं तर डॉक्टरांचं बरोबर होतं, आज मी शहापूरला काम करते तिथे रोज बघते. फुटलेल्या अपेंडिक्सला मात्र बाईंचं बरोबर निघायचं. आणि बाई सगळ्यांनाच फुटलेलं धरायच्या.

तालुक्यातले एक पुढारी आमच्याकडे अपेंडिक्स काढून घ्यायला आले, तेव्हा हा नियम तुटणार असं आम्हाला वाटलं होतं. साहेबांबरोबर दहा-बारा कार्यकर्ते. मोबाइल, गॉगल, शहाळी. दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात विचारलं. कुठल्याही प्रश्नाला अर्धा तास उत्तर देऊ शकणारे साहेब छताकडे बघू लागले. एक कार्यकर्ता पुढे झाला. "झाला बाई, साहेबांचा सकाळीच झाला."

"तुला रे कसं कळलं?"

"आमी साहेबांबरोबरच असतो."

बाईंनी स्टेथास्कोप लावला. गिरणी बंद. शहाळी जप्त झाली, कार्यकर्ते जिन्याखाली गेले. पण तोवर एकाने फोनवरून तालुकाभर कळवून टाकलं होतं, की साहेबांच्या प्रकृतीत समाधानकारक सुधारणा आहे. फोनवर सुधारलेले साहेब प्रत्यक्षात तहानेने ओठ चाटत पडले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बाईंना खुणेने बोलावलं आणि अगदी बारीक आवाजात काहीतरी सांगितलं. बाई दोन पावलं मागे सरकल्या. "ऐकू नाय आलं."

साहेबांनी परत सांगितलं. या वेळी जिन्याखालीही गेलं. खाली टाळ्या पडल्या, कुणीतरी फटाक्यांची माळ काढली, तेव्हा बाई झाडू घेऊन उतरल्या. आठवड्याने एसटी स्टँडवर बॅनर लागला, साहेबांना उत्तम आरोग्य लाभल्याबद्दल अभिनंदन. कारण लिहिलेलं नव्हतं. बाई रोज त्या बॅनरखाली उभ्या राहून गाडीची वाट बघत.

घरी सोडतानाही बाई पेशंटला मोकळं सोडत नसत. खोकला आला की पोटाशी उशी धरायची, हे त्यांनी सगळ्या वॉर्डाला इतकं शिकवलं होतं, की कुणी शिंकलं तरी शेजारच्या खाटेवरचा आपली उशी कवटाळायचा. बायकांना विचारायच्या, घरी गेल्यावर काय काय करशील? समोरची म्हणायची, आराम करीन. मग बाई बाथरूममधली रिकामी बादली पुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, ही जरा तिकडे ठेव गो. ती सवयीने वाकून उचलायला जायची आणि बाई तिचा हात धरायच्या. "हा असाच हंडा उचलशील. कुणाला तरी सांग, मला बाईनं मना केलंय. माझं नाव घे. सासू माझ्यावर चिडू दे." असे कितीतरी हंडे बाईंच्या नावावर न उचललेले राहिले असतील.

भातकापणीच्या दिवसांत आमच्याकडे पेशंट कमी असतात. पोटं दुखतात, पण भात घरात येईपर्यंत माणसं ती थांबवून ठेवतात. अशाच दिवसांत बाई दोन दिवस सलाईनच्या स्टँडला धरून चालताना दिसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, ॲसिडिटी. दुसऱ्या दिवशी सोड्याची बाटली. तोंड सुकलेलं, उजवा हात सारखा पोटाखाली उजवीकडे. मी म्हणाले, बाई, डॉक्टरांना दाखवा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बेंबी बसवायला सांगत होते. "माझा पोट मला कळत नाय काय?"

शुक्रवार होता. सर्जनचं एक हर्नियाचं ऑपरेशन संपत आलं होतं, ते झालं की ते कल्याणला निघणार होते. बारा वाजायच्या सुमारास बाई सिस्टर रूममधून बाहेर आल्या, ताठ चालत. चेहऱ्यावर हसू. "उतरलं बघ. एकदम उतरलं. चहा सांग दोघींना."

मी चहा सांगायला वळले आणि दारापाशी थांबले. हे हसू मी आधी बघितलं होतं, बाहेरच्या बाकावर, करकरत्या चपलांवाल्या माणसाच्या तोंडावर. मागे वळून बघितलं तर बाईंच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि पंखा तर चालू होता. मी हात मागितला नाडी बघायला. त्यांनी दिला नाही. उलट पर्स उचलली. म्हणाल्या, आज जरा लवकर घरी जाते, कापणीला माणसं लागलीत.

वॉर्डाच्या बाहेर सगळ्यांच्या चपला असतात. बाईंच्या पांढऱ्या सँडल, टाचेला झिजलेल्या, एका कोपऱ्यात जोडून ठेवलेल्या. मी त्या उचलल्या. औषधांच्या कपाटात घातल्या, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग जाऊन स्टुलावर बसले.

बाई दारात आल्या. खाली बघितलं. इकडेतिकडे बघितलं.

"माझ्या चपला?"

"कपाटात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि हळूहळू त्याच बाकावर बसल्या.

"किती वेळ झाला थांबून?" मी विचारलं.

"तास झाला असंल," बाई म्हणाल्या. पर्स माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "जा, बोलव त्यांना."

सर्जननी हात लावला आणि आम्हाला तयारी करायला सांगितलं. बाईंच्या खाण्यापिण्याचं विचारायचं काम माझ्याकडे आलं. मी विचारलं, "किती खाल्लं?" बाई म्हणाल्या, काय नाय. मी गप्प उभी राहिले. घोटभर चहा, बाई म्हणाल्या. मी अजून गप्प. खारी दोन. मी तशीच. "आणि वडापाव अर्धा," बाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. मी भूलतज्ज्ञांना सांगितलं, चहा, खारी आणि एक वडापाव.

गाउन घालायला त्यांनी अर्धा तास खळखळ केली. मागून उघडा असलेला हा गाउन पेशंट उलटा घालतात म्हणून बाईंनी आजवर शेकडो माणसांना हसून घेतलं होतं. त्यांनी स्वतः तो उलटाच घातला. मी फिरवून दिला. मग पोट साफ करायला मी गाउन वर केला.

बेंबीभोवती गोल होता. लालसर, पूर्ण, तांब्याच्या तोंडाएवढा.

माझा हात थांबला. बाईंनी डोळे मिटले होते. समोरच्या ओट्यावरच्या म्हातारीकडे त्या कधी गेल्या, कुणाच्या नकळत गेल्या, तिने काय म्हटलं, देव जाणे. एवढी वर्षं ज्यांनी माणसांना त्या वळावरून फैलावर घेतलं, त्यांनी भीतीपोटी तोच तांब्या स्वतःच्या पोटावर लावून घेतला होता. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. मी त्या गोलावरून औषधाचा बोळा फिरवला.

"नीट कर," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "बेंबीत मळ असतो."

टेबलावर घेतलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. भूल द्यायच्या आधी म्हणाल्या, आतले पॅड मोठ्यानं मोज, मनात नको. एखादा पोटात राहू नये म्हणून रक्त टिपायचे ते पॅड मी मोठ्याने मोजले. आत घालताना मोजले, बाहेर काढताना मोजले, आणि एकही चुकले नाही. अपेंडिक्स फुटलेलं होतं. सर्जन दोन तास धूत होते.

पुढचे दिवस वाईट गेले. नाकात नळी, पोटातून नळी, ताप. स्वतंत्र खोली रिकामी होती पण बाई म्हणाल्या, वॉर्डातच ठेवा. चौथ्या दिवशी नाकातली नळी निघाली. ओठ फुटले होते. मी कानाशी वाकले आणि अगदी हळू विचारलं, "बाई, वारा सरला का?" त्यांनी मान हलवली. हो.

मला इतका आनंद झाला, की मी स्टेथास्कोपसुद्धा लावला नाही. पाण्याचं भांडं घेऊन आले. चमचा ओठांपाशी नेला तेव्हा बाईंनी माझं मनगट धरलं.

"हळू विचारलंस ना," त्या म्हणाल्या. "म्हणून खोटं बोलले."

मी भांडं खाली ठेवलं. बाई थांबत थांबत बोलत होत्या. त्यांची नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. अपेंडिक्स फुटून आलेली एक सून, लग्नाला वर्ष नव्हतं झालेलं. खाटेशी सासरा बसलेला. बाईंना तिची दया आली, म्हणून त्यांनी कानात विचारलं. तिने पदराआडून मान हलवली. "पेज मीच भरवली. पोट बंद होतं. सगळी उलटून आली आन् श्वासात गेली. तिनं मान हलवली, मी मान हलवली, आन् पोर गेली." मग फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवून म्हणाल्या, "मोठ्यानं विचारलं की लोक मला हसतात गो. पेशंटला कोण हसत नाय. तो खरं सांगतो."

मी डोळे पुसले. इतकी वर्षं मी या बाईला निर्लज्ज म्हणत आले होते, मनात आणि घरीसुद्धा.

"आता नीट विचार," बाई म्हणाल्या.

मी वॉर्डाच्या मध्यावर जाऊन उभी राहिले. बाकी खाटांवरची माणसं आणि त्यांचे नातेवाईक बघत होते. मी बोट करून, जमेल तेवढ्या मोठ्याने विचारलं, "बाई, वारा सरला काय?"

बाईंनी सगळ्यांकडे बघितलं. "नाय," त्या म्हणाल्या. "अजून नाय सरला."

कुणी हसलं नाही. शेजारच्या खाटेवरची एक आजी म्हणाली, "सरंल गो बाय. घाई काय." मी पाणी परत नेऊन ठेवलं. संध्याकाळी स्टेथास्कोप लावला, एका कानाने. गिरणी बंद. बाईंनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं आणि तोंड फिरवून घेतलं. त्या दिवशी मी ड्यूटी संपूनही घरी गेले नाही.

पाचव्या दिवशी दुपारी साहेब आले. तेच पुढारी. हातात फुलांचा गुच्छ, मागे केळ्यांचा घड धरलेला एक आणि मोबाइल धरलेला दुसरा. साहेब खाटेशी वाकले, मोबाइलवाल्याने जागा धरली आणि साहेबांनी सभेतल्या आवाजात विचारलं, "काय बाई, कशी आहे तब्येत? काही लागलं सवरलं तर हक्काने सांगा."

बाईंनी उशी पोटाशी घट्ट धरली, कोपरावर जोर देऊन जराशा वर झाल्या आणि छाती भरून श्वास घेतला.

"सरला," त्या म्हणाल्या.

मोबाइलवाल्याला कळेना, फोटो काढायचा की नाही. साहेबांना मात्र बरोबर कळलं. वॉर्डात माझ्याखेरीज ते कळलेला पहिला माणूस तोच. गुच्छ तसाच हातात धरून साहेब दोन पावलं मागे सरकले.

"ऐकू नाय आलं, बाई."

"सरला," बाई ओरडल्या. या वेळी जिन्याखाली, मेडिकलवाल्यापर्यंत गेलं. आधी आजी हसली, मग साहेब, मग सगळा वॉर्ड पोटाशी उशा धरून हसायला लागला. मी स्टेथास्कोप लावला. आत गिरणी घरघरत होती. मला पुढचं नीट दिसत नव्हतं, तरी पाण्याचं भांडं आणलं.

सर्जननी आधी दोनच चमचे द्यायला सांगितले होते. पहिला चमचा नीट गेला. दुसरा मी ओठांच्या बाजूलाच नेला आणि सगळं पाणी गाउनवर सांडलं.

"हा धरायचा नाय," बाई म्हणाल्या. "दोन सांगितलेत. अजून एक दे."

मी दिला. त्यांनी तो तोंडात घोळवून घोळवून गिळला, उशीवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या. मी भांडं उचलून निघाले तेव्हा मागून आवाज आला.

"चपला कपाटातच हायेत ना?"

"हो बाई."

"असू दे. मी मागितल्या तरी देऊ नको."